लाटसाहेबांच्या फायलीतलं पाचवं टिपण

माझ्या वडिलांनी ऑस्ट्रेलियातल्या एका गव्हर्नरवर पुस्तक लिहिलं, मराठीत. त्यात पाच प्रकरणं आहेत. पाचवं काढून टाकावं असं आजवर तिघांनी म्हटलं. पहिले आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, दुसरा माझा नवरा आणि तिसरी मी. पहिल्या दोघांशी मी एकेकदाच भांडले. तिसरीशी भांडण तीन महिने चाललं.

बाबांना जाऊन दहा महिने झाले. वर्षश्राद्धाच्या आधी मंडळातर्फे पुस्तक निघायचं आहे. ते पाच प्रकरणांचं निघणार की चार, एवढाच प्रश्न होता. कुणाला हा प्रश्न फार मोठा वाटणार नाही. मला वाटला.

मी इथे कुणाचं नाव घालणार नाही. गव्हर्नरचंही नाही आणि त्याच्या राज्याचंही नाही. आम्ही मेलबर्नला क्लेटनजवळ राहतो आणि तो गव्हर्नर इथला नव्हता, दुसऱ्या राज्याचा होता, एवढं पुरे. बाबा त्याला 'साहेब' म्हणत. बाकी घर त्याला 'बाबांचे लाटसाहेब' म्हणायचं.

बाबा तालुक्याच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झाले. छत्तीस वर्षं त्यांनी साहेबलोकांपुढे कागद ठेवले. मी लहान असताना रविवारी ते एखादी फाइल घरी आणत आणि मी शेजारी बसून बघत असे. कागदाला उभी घडी घालून डावीकडे रुंद समास सोडायचा. परिच्छेदांना आकडे घालायचे. टिपण लिहून संपलं की समासात, अगदी खाली, कारकुनाची छोटी सही.

"इथे माझं काम संपलं," बाबा सांगत. "उजवीकडची मोकळी जागा साहेबाची. तिथे आपण टिंबसुद्धा द्यायचं नाही."

"आणि सहीच्या वर हे काय लिहिलंय?"

"अवलोकनार्थ सादर. म्हणजे साहेबाने नुसतं वाचायचं आणि सही करायची. पण साहेबाला काही ठरवायला लावायचं असेल, तर लिहायचं आदेशार्थ सादर. मग त्याची सुटका नसते. हो किंवा नाही, काहीतरी लिहावंच लागतं."

साहेबाची शाई हिरवी असायची. त्या शाईच्या बाटलीला हात लावायची मला बंदी होती.

आई गेल्यावर सहा वर्षांपूर्वी बाबा माझ्याकडे आले. इथे त्यांना मान होता आणि करण्यासारखं काही नव्हतं. जेवायला काय करायचं ते मी ठरवायची, हीटर किती वर ठेवायचा ते माझा नवरा ठरवायचा, आणि टीव्हीचा रिमोट माझ्या मुलीच्या ताब्यात असायचा. सगळे बाबांना विचारायचे, "चालेल ना, बाबा?" आणि बाबा म्हणायचे, "चालेल." मी कौन्सिलच्या लायब्ररीत काम करते. काही दिवसांनी ते माझ्याबरोबर सकाळी चालत लायब्ररीत यायला लागले. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून, मांडीवर डिक्शनरी ठेवून ते हाताला लागेल ते वाचत. त्यांचं इंग्रजी कचेरीचं होतं. गोष्टीच्या पुस्तकात ते अडखळत, पण जुनी सरकारी पत्रं त्यांना मराठीसारखी वाचता येत.

एक दिवस घरी परत येताना त्यांनी विचारलं, "इथे प्रत्येक राज्याला गव्हर्नर असतो, त्याचं काम काय?"

"काही नाही, बाबा. सह्या करतो. रिबिनी कापतो."

"आणि युद्ध झालं तर?"

मी खांदे उडवले.

"सगळं त्याच्या नावाने चालतं आणि त्याच्या हातात काहीच नसतं," बाबा म्हणाले. "असा माणूस युद्धात काय करतो, ते बघायला पाहिजे."

त्यांनी हाच गव्हर्नर का निवडला हे मी विचारलं नाही. बहुतेक आमच्या लायब्ररीत त्याच्यावर दोन पुस्तकं होती म्हणून असेल. बाकीची मी दुसऱ्या लायब्रऱ्यांतून मागवून दिली. जुनी वर्तमानपत्रं कॉम्प्युटरवर वाचता येतात, ती शोधून द्यायचं काम माझ्या मुलीकडे आलं. ती तेव्हा युनीच्या पहिल्या वर्षाला होती आणि आजोबांवर तिची दया जास्त होती की माया, सांगणं कठीण.

"आजोबा, ही इज लिटरली जस्ट अ मॅन विथ अ हॅट," ती म्हणाली. फोटोत साहेबांच्या डोक्यावर पांढऱ्या पिसांची टोपी होती.

"मग टोपी काढून बघू," आजोबा म्हणाले. "पुढचं पान आण."

पुस्तक लिहायचं त्यांच्या डोक्यात नव्हतं. त्यांनी टिपणं लिहिली, कारण त्यांना तेवढंच लिहिता येत होतं. कागदाला उभी घडी, परिच्छेदांना आकडे, खाली छोटी सही. भारतातून येताना त्यांनी बिस्किटाच्या डब्यात हिरव्या दोरीचे फायलींचे टॅग आणले होते. कशासाठी ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, त्यांनाही नसावं. टिपण पूर्ण झालं की ते डायनिंग टेबलावरच्या बुटांच्या खोक्याच्या झाकणात ठेवत. ते झाकण म्हणजे माझा ट्रे. मी कामावरून येऊन चहा पिता पिता वाचायची आणि उजवीकडे 'पाहिले' असं लिहून सही करायची. मग समास मागे दुमडून ते पानं टॅगमध्ये ओवून टाकत. समास दुमडला की कडा फाटत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पहिली चार टिपणं अशी झाली. चारही अवलोकनार्थ सादर.

पहिल्या टिपणात साहेबांचं लहानपण आणि पलटणीतली नोकरी आहे. विलायतेतल्या एका खेडेगावातल्या पाद्र्याचा मुलगा. पहिल्या महायुद्धात डाव्या हाताची दोन बोटं गेली. दुसऱ्या टिपणात त्यांच्या कारकिर्दीची पीछेहाट आहे. बरोबरीचे लोक वर चढले आणि हे ऑफिसात नकाशे सांभाळत बसले. बाबांनी हा भाग फार प्रेमाने लिहिला आहे. बढती हुकलेल्या माणसाबद्दल त्यांना सांगावं लागत नसे. तिसऱ्या टिपणात साहेब पन्नाशी उलटल्यावर गव्हर्नर म्हणून इथे येतात. घरचे लोक म्हणतात, दूरच्या राज्यात पाठवून पेन्शनीत काढला. चार वर्षं ते शेतकी प्रदर्शनांत मेंढ्यांना बक्षिसं देतात आणि शाळांच्या समारंभांत तेच भाषण करतात. भाषण तेच आहे हे बाबांनी वर्तमानपत्रांतून पकडलं. सात गावं, एक भाषण. "आमच्या प्रांतसाहेबांचंही एकच होतं," ते म्हणाले आणि खुशीत हसले.

चौथं टिपण दुसऱ्या महायुद्धाचं. ते सगळ्यांना आवडतं. मलाही.

युद्ध सुरू झालं तेव्हा साहेबांची मुदत संपत आली होती. ते परत जाऊ शकले असते. राहिले. पेट्रोलचं रेशनिंग आलं तेव्हा त्यांनी मोटार बंद करून ठेवली आणि रेल्वेने गावोगाव फिरायला लागले. बंगल्याच्या नाचाच्या दिवाणखान्यात बायका लष्करासाठी तोफा झाकायच्या जाळ्या विणायला बसल्या. हिरवळ खणून तिथे कोबी आणि बटाटे लावले. ज्या घरी मुलगा युद्धात गेल्याची तार यायची, तिथे शक्य तेव्हा ते स्वतः जायचे. काय बोलायचे? बाबांनी पुष्कळ शोधलं. एका आईने नंतर सांगितलं होतं, की ते काहीच बोलले नाहीत, स्वयंपाकघरात बसून राहिले आणि किटली उकळल्यावर गॅस त्यांनीच बंद केला. बाबांनी हे वाक्य टिपणात घेतलं आणि मला विचारलं, "हे पुरावा म्हणून चालतं का?" मी म्हटलं, चालतं.

मग उत्तरेच्या किनाऱ्यावर बॉम्ब पडले. साहेबांच्या शहरात घबराट झाली. पैसेवाली कुटुंबं आतल्या गावांकडे निघाली. गव्हर्नरच्या बंगल्यावर एक निशाण असतं. गव्हर्नर बंगल्यात असले की ते वर असतं, बाहेरगावी गेले की उतरवतात. सल्लागारांनी सांगितलं, साहेब, आपणही आत जावं. निशाण वरच ठेवू, म्हणजे लोकांना कळणार नाही. साहेबांनी उत्तर दिलं, की मी गेलो तर निशाण उतरेल, आणि निशाण उतरायला नको असेल तर मला राहावं लागेल. ते राहिले. त्या आठवड्यांत लोक कामावर जाताना मुद्दाम त्या रस्त्याने जात आणि वर बघत.

हे टिपण दिलं त्या दिवशी बाबा झाकणाजवळच उभे राहिले. मी वाचून मान वर केली.

"हातात काही नव्हतं," ते म्हणाले. "पण खोटी हजेरी लावली नाही."

पाचवं टिपण माझ्यामुळे सुरू झालं. त्या राज्यातल्या एका गावाच्या इतिहासप्रेमींनी म्हाताऱ्या लोकांच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढली होती. कॅटलॉगमध्ये मला ती दिसली आणि मी मागवली. तीत एका बाईची पाच पानांची आठवण होती. तिचे वडील गव्हर्नरच्या बंगल्यावर माळी होते. इटलीतून आलेले. अनेक वर्षं त्यांनी तिथले गुलाब सांभाळले, आणि हिरवळ खणल्यावर कोबीही त्यांनीच लावला. इटली शत्रू झाली होती, म्हणून इटालियन माणसांना धरून छावण्यांत ठेवत होते. एका सकाळी पोलीस बंगल्यावर आले आणि त्यांनी माळ्याला कोबीच्या वाफ्यातून उठवून नेलं. मुलगी तेव्हा डबा घेऊन फाटकाशी आली होती. तिने पाहिलं, की साहेब पायऱ्यांवर उभे आहेत. ते खाली आले नाहीत.

बाबांनी तारखा जुळवल्या. तेच निशाणाचे आठवडे होते.

दोन दिवस त्यांनी फायलीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी लायब्ररीमागच्या बागेत आम्ही डबा खात होतो, तेव्हा म्हणाले, "धरणाची यादी तुला आठवते?"

मला आठवत नव्हती. मी तेव्हा चार वर्षांची असेन. तालुक्यात धरण झालं. कोणती घरं उठवायची त्याची यादी बाबांनी तयार केली होती. पहिल्याच पानावर त्यांच्या वर्गमित्राचं घर होतं. ते घर पाण्याच्या रेषेवर नव्हतं, थोडं वर होतं, हे बाबांना माहीत होतं. मोजणी घाईत झाली होती. त्यांना टिपणात एक ओळ लिहिता आली असती.

"लिहिली नाही," ते म्हणाले. "स्वच्छ अक्षरात यादी केली. साहेबाने सही केली. लोक म्हणायचे, साहेबाने घर घेतलं. मीही तसंच म्हणायचो."

"मग त्यांचं काय झालं?"

"उठले. दुसरीकडे गेले. मला त्यांच्या घरच्या लग्नाचं बोलावणं आलं नाही." त्यांनी डबा बंद केला. "चल. तुझी वेळ झाली."

पाचवं टिपण त्यांनी चार महिने लिहिलं. मला दाखवलं नाही. हॉस्पिटलला जायच्या दिवशी सकाळी मी गाडी काढेपर्यंत ते टेबलाशी बसून फाइल बांधत होते. मी म्हटलं, "बाबा, ते राहू दे, आल्यावर करा." ते म्हणाले, "झालंच." ते परत आले नाहीत.

मी ते टिपण पहिल्यांदा वाचलं ते त्यांच्या तेराव्यानंतर. अकरा पानं आहेत. माळी कोण, कुठून आला, त्याने काय लावलं, पोलीस किती वाजता आले. साहेबांनी नंतर मुख्यमंत्र्यांना एक खाजगी पत्र लिहिलं, त्याला दोन ओळींचं उत्तर आलं, आणि साहेबांनी पुन्हा लिहिलं नाही. त्यांनी दुसरा माळी ठेवला नाही. रोज सकाळी तासभर स्वतः खुरपं घेऊन वाफ्यात बसायचे, तीन बोटांच्या हाताने. हे सगळं आहे. एके ठिकाणी बाबांनी लिहिलं आहे: "त्या सकाळी निशाण वर होते. साहेब हजर होते." दोन वाक्यं, आणि परिच्छेद संपला. शेवटच्या परिच्छेदात युद्ध संपतं, माळी घरी येतो आणि बंगल्यावर परत कामाला जात नाही. साहेब त्याच्या घरी जातात. माळ्याची बायको फाटक उघडत नाही, पण पाणी आणून देते. साहेब फाटकाबाहेर उभे राहून ते पितात. त्याखाली अर्धं पान कोरं आहे.

मंडळाचे अध्यक्ष एका रविवारी दुपारी घरी आले. बाबांना ते काका म्हणत आणि त्यांच्यावर त्यांचा खरा लोभ होता. पुस्तक काढायची कल्पनाही बाबा असतानाच त्यांनी मांडली होती. त्यांनी फाइल वाचायला नेली होती, ती पिवळ्या चिठ्ठ्या लावून परत आणली.

"चार टिपणं एकदम टॉप," ते म्हणाले. "मिसेसने तर एका बैठकीत वाचली. निशाणाच्या प्रसंगाला रडली. पण हे पाचवं..."

"काय झालं पाचव्याला?"

"अगं, चार टिपणं माणसाला वर चढवायचं आणि पाचव्यात धाडकन आपटायचं. कशाला? लाँचला आपल्या भागातले एमपी येणार आहेत. त्यांनी विचारलं, व्हॉट्स द बुक अबाउट, तर मी काय सांगू? आमच्या एका आजोबांनी तुमच्या वॉरटाइम गव्हर्नरची हजेरी घेतली?"

"हो. तेवढंच सांगा."

"चेष्टा नको. आपण बाहेरून आलेली माणसं. नो वरीज, मेट करत आपलं बरं चाललंय. यांच्या घरातली जुनी भांडणं आपण का उकरायची?"

"मी दोनदा ज्युरीत बसले आहे," मी म्हटलं. "इथल्याच एका माणसाला दोषी ठरवायचं की सोडायचं, हे ठरवायला याच देशाने मला घरी पत्र पाठवून बोलावलं. तेव्हा कोणी म्हणालं नाही, की तू बाहेरची आहेस, तू गप्प बस."

"ते तुझं झालं. काकांचं काय? त्यांच्याकडे तर पीआरसुद्धा नव्हता."

"म्हणून त्यांनी निकाल दिलेला नाही. काय झालं तेवढं लिहिलंय."

"तेच तर म्हणतोय ना मी!" त्यांनी शेवटचं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. "याला शेवटच नाही. बघ. बाई फाटक उघडत नाही आणि पुढे अर्धं पान कोरं. अगं, ते बिचारे मध्येच गेले. माणसाचं अपूर्ण लिखाण तो गेल्यावर त्याच्या नावावर छापणं बरं दिसतं का?"

चहा निवला होता, मी दुसरा केला.

नवरा संध्याकाळी म्हणाला, "चार टिपणांचं पुस्तकही बाबांचंच आहे ना? साहेब शूर होते, इथे संपलं तर कुणाचं काय बिघडलं?" मी म्हटलं, "माळ्याचं." तो वाईट माणूस नाही. बाबांची औषधं तोच आणायचा.

पण अध्यक्षांचं शेवटचं वाक्य माझ्यात रुतून बसलं. बाबा घाईत अर्धं काम पुढे सरकवणारे नव्हते. साध्या पत्रातसुद्धा खाडाखोड झाली तर सगळा कागद नव्याने लिहीत. त्यांनी शेवट लिहिला असता, तर काय लिहिला असता? साहेबांना माफ केलं असतं? मी लायब्ररीत पुस्तकं परत रॅकवर लावताना हाच विचार करायची. कधी वाटायचं, त्यांना लिहायला जमलंच नाही, म्हणून जागा सोडली. कधी वाटायचं, त्यांच्या मनात जे होतं ते कोणाला दाखवायचं नसेल. आणि हळूहळू मी मला पटवलं, की अपूर्ण टिपण न छापणं हाच बाबांचा मान. अध्यक्षांना मी कळवून टाकलं, की चारच छापा. त्यांनी लगेच उत्तर पाठवलं, बरोबर हात जोडलेलं चित्र.

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी मी पाचवं टिपण फायलीतून काढायला बसले. मुलगी समोर टोस्ट खात होती. बाबांनी टॅग घट्ट बांधला होता, गाठ सुटायला वेळ लागला. मी शेवटची अकरा पानं दोरीतून ओढून काढली. त्यांचे दुमडलेले समास दोरीखालून सुटले आणि एकेक करून उघडले.

शेवटच्या पानाच्या समासात, अगदी खाली, बाबांचं अक्षर होतं.

"सदर टिपण पुस्तकात ठेवावे किंवा कसे, याबाबत आदेश व्हावेत. आदेशार्थ सादर."

त्याखाली त्यांची छोटी सही.

टिपण पूर्ण होतं. हॉस्पिटलला जायच्या आधी ते पूर्ण होतं. मी 'आल्यावर करा' म्हटलं तेव्हा ते 'झालंच' म्हणाले, ते खरं होतं. कोरं अर्धं पान त्यांचं नव्हतंच. तिथे त्यांनी टिंबसुद्धा द्यायचं नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वी मांडीवर फाइल ठेवून ज्या माणसाने मला हे शिकवलं, त्याच्या फायलीत मला ते दिसलं नाही. इंजिनियर असलेल्या अध्यक्षांना दिसलं नाही याचं मला काही वाटत नाही. मला दिसायला हवं होतं.

मला रडू आलं नाही. राग आला. आधी त्यांचा, की हे माझ्यावर टाकून गेलात. मग माझा. धरणाच्या टिपणात एक ओळ लिहिली नाही म्हणून ज्याने पन्नास वर्षं स्वतःला सोडलं नाही, त्याने म्हातारपणी, परक्या भाषेतली पुस्तकं चाळून, अकरा पानं लिहिली. आणि मी काय करत होते? एमपींना वाईट वाटू नये म्हणून ती पानं दोरीतून सोडवत होते. मीही पायऱ्यांवरच उभी होते.

"तुझ्याकडे हिरवं पेन आहे?" मी मुलीला विचारलं.

"व्हाय ग्रीन?"

"ऑर्डर काढायची आहे."

तिने बॅगेतून जेलपेन काढून दिलं आणि खुर्ची जवळ ओढली. तिला मराठी वाचायला वेळ लागतो. समासातल्या ओळी तिने बोट ठेवून वाचल्या आणि म्हणाली, "वेट. ही आस्क्ड यू अ क्वेश्चन?"

"हो."

"अँड यू नेव्हर आन्सर्ड?"

मी उजवीकडच्या कोऱ्या जागेत लिहिलं: "ठेवावे. एक अक्षरही वगळू नये." आणि पूर्ण सही केली, छोटी नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळाची मीटिंग होती. ज्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मराठी शाळा भरते, तिथेच. फळ्यावर अजून बाराखडी होती. मी फाइल अध्यक्षांपुढे शेवटचं पान उघडून ठेवली.

"आपलं चारचं ठरलं होतं ना?" ते म्हणाले.

"वाचा."

त्यांनी चष्मा लावला. "हे हिरव्या शाईत कोणी लिहिलंय?"

"साहेबांनी."

"कोण साहेब?"

"मी."

सेक्रेटरी बाई फस्सकन हसल्या आणि मग अध्यक्षांचं तोंड बघून थांबल्या. मी समासाकडे बोट दाखवलं. डावी सही काय, उजवी जागा कोणाची, अवलोकनार्थ काय आणि आदेशार्थ काय, सगळं सांगितलं. मी मीटिंगमध्ये इतकी कधीच बोलत नाही. ते ऐकत होते. मध्येच त्यांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे अपूर्ण नाही हे," ते म्हणाले.

"माझ्या सहीवाचून अडलं होतं. आता नाही अडलेलं. पाच छापणार असाल तर मंडळाचं नाव घाला. नसाल तर फाइल द्या, मी लायब्ररीच्या प्रिंटरवर काढीन आणि घरोघर पोचवीन."

"अगं, छापू. तू काय ऐकणार आहेस का?" त्यांनी पिवळ्या चिठ्ठ्या एकेक करून सोलायला सुरुवात केली. "पण एमपींना मी आधी सांगणार काय आहे पुस्तकात. फसवून नाही बोलावणार. ते ऐकून आले नाहीत तर?"

"तर त्यांची खुर्ची रिकामी ठेवा. तिथे दुसऱ्या कोणाला बसवायचं नाही. लोकांना दिसू दे कोण हजर आहे आणि कोण नाही."

"काकांचीच मुलगी," ते सेक्रेटरी बाईंना म्हणाले.

एक प्रत मी त्या गावी पाठवणार आहे, जिथून ती पुस्तिका आली. माळ्याची मुलगी हयात आहे की नाही, मला माहीत नाही. असली तरी तिला मराठी येत नाही. पाठवणार.

फाइल परत बांधताना अध्यक्ष जुन्या घडीवर समास मागे दुमडायला लागले. मी त्यांचा हात धरला. प्रेसवाल्यालाही सांगितलं आहे, की शेवटचं पान आहे तसं छापायचं, टाइप करायचं नाही. डावीकडे बाबांची सही येईल आणि उजवीकडे माझी, हिरवी.